धीर आणि कोठार : लखनौच्या रेसिडेन्सीतील एक धडा

काही वर्षांपूर्वी निवडणूक निरीक्षक म्हणून माझा मुक्काम लखनौमध्ये होता. नियंत्रण कक्षातील एका तरुण सहकाऱ्याच्या टेबलावर लाल रंगाचा, मुकुटाचे चित्र असलेला चहाचा मग असे. त्यावरील इंग्रजी वाक्य होते 'कीप काम अँड कॅरी ऑन'. 'शांत राहा आणि आपले चालू ठेवा' एवढाच त्याचा अर्थ. परंतु देवनागरीत लिहिताना गंमत होते. इंग्रजीतील शांतपणाचा 'काम' आणि आपला कामकाजाचा 'काम' हे दोन शब्द एकसारखेच दिसतात. त्या वेळी मी या योगायोगाकडे केवळ विनोद म्हणून पाहिले. त्याच मुक्कामात एका सकाळी गोमतीकाठच्या रेसिडेन्सीचे अवशेष पाहिले आणि हा विनोद पुढे अनेक दिवस मनात घोळत राहिला.

त्या मगावरील वाक्याचा इतिहासही बोधप्रद आहे. १९३९ मध्ये, महायुद्ध तोंडावर आलेले असताना, ब्रिटिश सरकारने या भित्तिपत्रकाच्या सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापून घेतल्या. भीषण बॉम्बहल्ल्यांच्या प्रसंगी जनतेचे मनोधैर्य टिकावे हा हेतू होता. प्रत्यक्षात ते भित्तिपत्रक फारसे कोठे लागलेच नाही आणि बहुतेक प्रती रद्दीत गेल्या. २००० साली उत्तर इंग्लंडमधील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली व तेथून ते वाक्य जगभरच्या मगांवर आणि सदऱ्यांवर जाऊन बसले. ज्या संकटासाठी ते छापले, त्या संकटात लोकांनी ते वाचलेच नव्हते. धीराची घोषणा आणि धीर यांत किती अंतर असू शकते याचे हे चांगले उदाहरण ठरावे.

इंग्रजी भाषेत शांत राहण्याविषयीच्या वाक्प्रचारांची रेलचेल आहे. वरचा ओठ ताठ ठेवा, डोके जागेवर ठेवा, हनुवटी वर ठेवा, सदरा अंगातच राहू द्या, घोडे आवरा, काकडीसारखे थंड राहा. यांतील काकडी १७३२ च्या सुमारास जॉन गे या कवीच्या रचनेत आढळते. 'स्टिफ अपर लिप' म्हणजे ताठ ओठ हे तर इंग्रज स्वभावाचे बोधचिन्हच समजले जाते. पण हा वाक्प्रचार छापील स्वरूपात प्रथम दिसतो तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, अमेरिकेत. डोके जागेवर ठेवण्याचा उपदेश ज्याच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इफ' या कवितेमुळे घरोघरी पोहोचला, तो रडयार्ड किपलिंग तरुणपणी अलाहाबादच्या 'पायोनियर' या वृत्तपत्रात नोकरीला होता. पुढे १९३३ मध्ये ते वृत्तपत्र लखनौला आले. अशा रीतीने धाग्याचे एक टोक या शहरात येऊन पोहोचतेच.

या वाक्प्रचारांत एक साम्य आहे. ओठ, डोके, हनुवटी, सदरा या सर्व दिसणाऱ्या गोष्टी आहेत आणि ज्याच्या त्याने आपापल्या सांभाळायच्या आहेत. मराठीत आपण 'धीर' म्हणतो. धीर धरता येतो, धीर सुटतो, धीर खचतो. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे धीर देता येतो. तो एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. लखनौच्या बोलीत 'इत्मीनान' हा शब्द पदोपदी कानी पडतो. त्यातही मन निश्चिंत असण्याला काही आधार असावा, हे गृहीत धरलेले आहे. प्रशासनात कोणता शांतपणा उपयोगी पडतो, चेहऱ्यावरचा की कोठारातला, हा प्रश्न मला लखनौने विचारायला लावला.

प्रथम प्रसंग आठवू. ४ फेब्रुवारी १८५६ रोजी रेसिडेंट जेम्स आउट्रम अवधचे नबाब वाजिद अली शाह यांच्यासमोर नवा तह घेऊन गेला. सही म्हणजे राज्यावर पाणी सोडणे. नबाबांनी आधीच तोफा गाड्यांवरून उतरवून ठेवल्या होत्या आणि पहारेकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली होती, म्हणजे प्रतिकाराचा आरोपही येऊ नये. त्यांनी आपली पगडी उतरवून आउट्रमच्या हाती दिली, सही मात्र केली नाही. तीन दिवसांनी, ७ फेब्रुवारीला, अवध खालसा झाले. १३ मार्च रोजी नबाबांनी लखनौ सोडले. पुढे प्रेमचंदांनी बुद्धिबळात गुंग झालेल्या दोन सरदारांची कथा लिहिली व १९७७ मध्ये सत्यजित राय यांनी तिच्यावर चित्रपट केला. त्यामुळे लखनौचा शांतपणा म्हणजे बेफिकिरी, असे समीकरण रूढ झाले. सरदारांची बेफिकिरी आणि रक्तपात टाळणाऱ्या नबाबांचा संयम या दोन गोष्टी मात्र एकाच मापाने मोजू नयेत, असे मला वाटते.

मार्च १८५७ मध्ये सर हेन्री लॉरेन्स अवधचा चीफ कमिशनर म्हणून लखनौला आला. प्रकृती खालावलेली, पत्नीचे निधन झालेले, पंजाबमधील कामावरून धाकट्या भावाशी मतभेद होऊन बदली झालेली. स्वभावाने तो मुळात शांत नव्हता, तापट होता. पण येताच त्याने परिस्थिती ओळखली. मेरठच्या उठावानंतर तर त्याने रेसिडेन्सीच्या आवारात धान्य, दारूगोळा, सरपण, चारा भरण्यास सुरुवात केली. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपल्याकडील परंपरा पाहता, ही गोष्ट कोणत्याही सनदी अधिकाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. वेढा पडला तो ३० जूनला. कोठारे त्यापूर्वी भरत होती.

३० मे रोजी रात्रीचा प्रसंग इंग्रजी पुस्तकांत आवडीने सांगितला जातो. रात्री नऊच्या तोफेला उठाव होणार, अशी खबर एका अधिकाऱ्याने आणली होती. मडियाँव छावणीतील बंगल्यावर लॉरेन्स पाहुण्यांसह जेवत होता. तोफ झाली, सर्वत्र सामसूम. तुमचे मित्र वेळ पाळत नाहीत, असे तो त्या अधिकाऱ्याला हसून म्हणाला, आणि तोच बंदुकांचे आवाज सुरू झाले. पायऱ्यांवर घोड्यांची वाट पाहत सर्व जण उभे असताना पहाऱ्यावरील भारतीय अधिकाऱ्याने विचारले, बंदुका ठासून भरू का? लॉरेन्सने होकार दिला. काही पावलांवर, त्यांच्याच दिशेने नळ्या करून शिपाई बंदुका भरीत होते. लॉरेन्स जागचा हलला नाही. घराची राखण तुमच्यावर सोपवून जातो, असे त्यांना सांगून तो निघाला. त्या रात्री छावणीतील अनेक बंगले जळाले, पण त्या पहाऱ्याने ते घर राखले. यात ताठ ओठ आहे हे खरे. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्याने समोरच्यावर विश्वास टाकला आणि विश्वासाने धीर दिला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी लॉरेन्सला सक्तीची विश्रांती दिली. कारभार एका तात्पुरत्या मंडळाकडे गेला. त्यात फायनान्शियल कमिशनर मार्टिन गबिन्स हा धाडसी पण उतावळा अधिकारी प्रमुख होता. राहिलेल्या भारतीय शिपायांना निःशस्त्र करून घरी पाठवावे असे त्याचे मत होते, आणि त्याप्रमाणे पाठवणीस सुरुवातही झाली. हे कळताच लॉरेन्सने विश्रांती सोडून सूत्रे परत घेतली आणि शिपायांना माघारी बोलावले. अनेक जण परत आले. जुन्या निवृत्त शिपायांनाही त्याने हाक दिली. पुढे वेढ्यात लढणाऱ्या सुमारे सतराशे माणसांपैकी सातशेच्या आसपास भारतीय होते. त्यांच्याविना ती जागा टिकली नसती हे इंग्रज इतिहासकारही मान्य करतात. संकटात घाबरलेला अधिकारी प्रथम आपल्याच माणसांवर संशय घेऊ लागतो. धीर सुटल्याचे हे पहिले लक्षण, आणि ते ओठांवर दिसत नाही.

आता याच माणसाच्या दोन चुका पाहू, कारण केवळ गौरवगाथेतून प्रशासन शिकता येत नाही. पहिली चूक चिनहटची. बंडवाले सैन्य लखनौजवळ आल्याचे कळल्यावर, बाहेर पडून चाल करावी असा आग्रह सहकाऱ्यांनी, विशेषतः गबिन्सने, धरला. भ्याडपणाचा सूर ऐकून ऐकून लॉरेन्सने अखेर आपल्या मनाविरुद्ध तो मान्य केला. ३० जून रोजी ऐन उन्हाळ्यात, उपाशीपोटी शिपाई निघाले. शत्रूच्या संख्येची नीट माहिती नव्हती. पराभव झाला आणि आठ इंची हॉवित्झर तोफ शत्रूच्या हाती पडली. त्याच दिवशी वेढा पडला. लोक आपल्याला भित्रा म्हणतील या भीतीने घेतलेला निर्णय वरून धाडसी दिसतो. आतून तो धीर सुटल्याचाच प्रकार असतो.

दुसरी चूक नेमकी उलट जातीची. १ जुलैला लॉरेन्सच्या खोलीत एक गोळा येऊन फुटला. कोणाला इजा झाली नाही. खोली बदला, असे सर्वांनी विनवले. त्याच खोलीत पुन्हा गोळा टाकण्याइतका नेम कोणत्याही गोलंदाजाचा नसतो, असे तो थट्टेने म्हणाला आणि तेथेच राहिला. २ जुलैला दुसरा गोळा त्याच खोलीत आला व त्याची मांडी फुटली. तो गोळा चिनहटला गमावलेल्या हॉवित्झरचाच होता, असे नोंदले गेले आहे. ४ जुलैला त्याचा मृत्यू झाला. काकडीसारखा थंडपणा तो हाच, आणि तो प्राणावर बेतला. शांतपणा आणि निष्काळजीपणा यांच्यामधली भिंत किती पातळ असते, हे त्या पडक्या खोलीपाशी उभे राहिल्यावर जाणवते.

मृत्युशय्येवर त्याने दिलेल्या सूचना मात्र प्रशासनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात असाव्यात. गोळीबार जपून करा. दारूगोळ्याची नोंद ठेवा व रोजचा खर्च लिहा. खंदक खणा, आणखी खणा. रात्रीच्या कामासाठी टोळ्या बांधा. मजुरांना दुप्पट, चौपट मजुरी द्या. रोज अलाहाबादला किंवा आग्र्याला पत्र पाठवा. माझ्या नोकरांना वर्षाचा पगार द्या. आपल्या थडग्यावर काय लिहावे हे त्याने सर्वांत शेवटी सांगितले : ज्याने आपले कर्तव्य करण्याचा प्रयत्न केला तो हेन्री लॉरेन्स येथे आहे. शूर राहा, ओठ ताठ ठेवा, असे त्या यादीत कोठेही नाही. आहे ती नोंदवही, मजुरी आणि टपाल.

तरीही एक गोष्ट राहून गेली, आणि या लेखाचे खरे कारण तीच आहे. रसदीचे काम पाहणारा अधिकारी चिनहटला जखमी झाला होता. कोठारांची मांडणी ज्याच्या डोक्यात होती तो लॉरेन्स गेला. त्याने रेसिडेन्सीच्या इमारतीखालील पोहण्याच्या हौदातही भरपूर धान्य साठवून ठेवले होते. वारसदार अधिकाऱ्यांना या साठ्याचा पूर्ण अंदाज नव्हता. धान्य संपत आले, लवकर या, असे निरोप ब्रिगेडियर इंग्लिसने कानपूरकडे हॅवलॉकला पाठवले. २५ सप्टेंबरला हॅवलॉक आणि आउट्रम यांचे सैन्य लखनौच्या अरुंद गल्ल्यांतून घाईने घुसले. त्यात पाचशेच्या वर माणसे ठार वा जखमी झाली. आत पोहोचल्यावर हिशेब घेतला, तेव्हा साठा अनेक आठवडे पुरेल इतका निघाला. हौदात धान्य होते, कागदावर नव्हते. मृत्युशय्येवर नोंदवहीची आठवण करून देणाऱ्या माणसाच्या कोठाराची नोंद नीट हस्तांतरित झाली नाही, याहून कठोर उपरोध कोणता?

हे वाचताना मला माझीच एक पावसाळी रात्र आठवली. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एका नदीकाठच्या तालुक्यात माझी नेमणूक होती. धरणातून पाणी सोडले, नदीने पात्र सोडले, आणि एका वस्तीतील माणसे छपरांवर चढून बसली. नियंत्रण कक्षात मी शांतपणे, आवाज न चढवता सूचना देत होतो. साहेबांचे डोके किती थंड, अशी प्रशंसा नंतर माझ्या कानावर आली. वस्तुस्थिती अशी होती की, बचावाच्या रबरी होड्या एका गोदामात कुलूपबंद होत्या आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे मला माहीत नव्हते. पदभार घेताना मी हस्तांतरणाच्या यादीवर सही केली होती, गोदाम उघडून पाहिले नव्हते. किल्ली ज्या कारकुनाकडे होती त्याची बदली होऊन महिना झाला होता. कुलूप तोडेपर्यंत पहाट झाली. माणसे वाचली ती गावच्या कोळ्यांनी अंधारात आपल्या होड्या घातल्या म्हणून. माझा ताठ ओठ त्या रात्री कोणाच्याही उपयोगी पडला नाही.

असो. रेसिडेन्सीत शेवटी धीर कोणी दिला, हेही पाहिले पाहिजे. अंगद नावाचा एक निवृत्त शिपाई वेढ्यातून कित्येकदा बाहेर गेला आणि निरोप घेऊन परत आला. पिसाच्या पोकळ देठात लपवलेली, ग्रीक लिपीत लिहिलेली चिठ्ठी घेऊन, दोन्ही बाजूंच्या पहाऱ्यांतून जायचे. पकडला गेला तर मृत्यू ठरलेला. २२ सप्टेंबरच्या रात्री मदत जवळ आल्याची बातमी त्यानेच आणली. नोव्हेंबरमध्ये टॉमस कॅव्हना हा कचेरीतील कारकून वेषांतर करून कॉलिन कॅम्बेलच्या छावणीपर्यंत गेला, तेव्हा वाटाड्या होता कनौजीलाल. कॅव्हनाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अंगदच्या आणि कनौजीलालच्या शांतपणाला इंग्रजीत वाक्प्रचार मिळाला नाही, आणि आपल्या पुस्तकांतही ओळ-दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळाली नाही. भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही धीर होताच. ज्यांचे राज्य गेले होते त्या बेगम हजरत महल यांनी अल्पवयीन बिरजिस कद्रला गादीवर बसवून महिनोन्महिने कारभार चालवला आणि शेवटी शरणागती न पत्करता नेपाळची वाट धरली. १८७९ मध्ये काठमांडूत त्यांचे निधन झाले.

आतल्या स्त्रियांची रोजनिशी वाचली तर ताठ ओठाची दंतकथा गळून पडते. कॅथरीन बार्ट्रम ही तरुण डॉक्टरपत्नी तान्ह्या मुलासह वेढ्यात होती. सप्टेंबरात येणाऱ्या सैन्याबरोबर पती येत आहे म्हणून ती वाट पाहत राहिली. तो रेसिडेन्सीच्या दाराजवळ पोहोचता पोहोचता मारला गेला. मायदेशी जाण्याच्या तोंडावर कलकत्त्यात मूलही गेले. तिने आपले दुःख लपवले नाही, १८५८ मध्ये पुस्तकरूपाने लिहून ठेवले. आपल्याकडील विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' मला येथे आठवतो. झाशीच्या वेढ्यात सापडलेल्या या वरसईच्या भिक्षुकाने आपली भीती मोकळेपणाने सांगितली आहे. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेले ते पुस्तक म्हणूनच विश्वसनीय वाटते. भीती वाटणे आणि धीर सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मान्य केली तरच दुसरी टाळण्याची तयारी करता येते.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनौ पुन्हा जिंकले, कैसरबाग लुटली गेली, आणि नंतर रॉबर्ट नेपियरच्या आराखड्यानुसार सैन्याच्या हालचालींसाठी शहराचा मोठा भाग पाडून रुंद रस्ते काढण्यात आले. हे काम रागाच्या भरात झाले नाही. नकाशे, मोजमाप व मुदती ठरवून अत्यंत शांत डोक्याने झाले. म्हणून शांतपणा हा स्वतःच सद्गुण आहे असे मी मानीत नाही. तो कोणत्या कामाला लावला, हे विचारलेच पाहिजे.

रेसिडेन्सीच्या मनोऱ्यावर इंग्रजांचा ध्वज रात्रंदिवस फडकत ठेवण्याची प्रथा होती. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, तो कायमचा उतरवण्यात आला. आज समोर गोमतीच्या काठी १९५७ मध्ये उभारलेले शहीद स्मारक आहे. बेलीगारदच्या दरवाज्यावर गोळ्यांचे व्रण तसेच आहेत. मी गेलो तेव्हा हिरवळीवर महाविद्यालयीन मुले-मुली निवांत बसली होती. इत्मीनान म्हणतात तो हाच असावा.

निवडणुकीचे काम संपवून निघताना त्या तरुण सहकाऱ्याने विचारले, सर, इतक्या वर्षांत संकटकाळी शांत राहण्याची युक्ती काय सापडली? मी त्याला एवढेच सांगितले की, पदभार घेशील त्या दिवशी सर्व गोदामे स्वतः उघडून बघ, आणि सोडशील त्या दिवशी कोणती किल्ली कोणाकडे आहे हे लिहून ठेव. मगावरील तो 'काम' शब्द आपल्या लिपीत लिहून त्याच्यापुढे ठेवला. तो हसला. मराठी त्याला येत नव्हती, परंतु हा शब्द हिंदीतही तोच आहे.